परासरण: वनस्पतीपेशी फुगून थांबते, तांबडी पेशी फुटते – नेमकं काय घडतं?

वर्गखोली (धागाकर्ता)

परासरणाच्या (पटलातून होणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाच्या) प्रकरणात तीन आकृत्या ठरलेल्या असतात. अवपरासारी (पेशीरसापेक्षा पातळ) द्रावणात फुगलेली पेशी, समपरासारी (तितक्याच तीव्र) द्रावणात जशीच्या तशी आणि अतिपरासारी (जास्त तीव्र) द्रावणात आक्रसलेली. आकृत्या बरोबर आहेत, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की विद्यार्थी जे विचारतात त्याची उत्तरं त्यांत सापडत नाहीत. इथे वनस्पतिशास्त्र आणि रक्ततपासणी या दोन्ही बाजूंची जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय. प्रश्न असे:

१. वनस्पतीपेशी शुद्ध पाण्यात ठेवली की ठरावीक वेळाने पाणी आत शिरणं थांबतं. आत साखर आणि क्षार तसेच आहेत, बाहेर काहीच नाही. दोन्हीकडची संहती सारखी झालेली नसताना परासरण थांबतं कसं?

२. रससंकोच झालेल्या (पाणी बाहेर गेल्याने पटल भित्तिकेपासून सुटलेल्या) पेशीत भित्तिका आणि पटल यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, तिच्यात काय असतं?

३. ५ टक्के मिठाच्या पाण्यात कांद्याच्या पापुद्र्यात रससंकोच ठळक दिसतो, पण साध्या पाण्यात परत टाकल्यावर बऱ्याच पेशी पूर्ववत होत नाहीत. का?

४. ०.९ टक्के मीठ तांबड्या पेशीला समपरासारी असतं. मग कांद्याच्या पेशीलाही तेच लागू का होत नाही?

शक्य तिथे आकडे द्या.

---

रिक्तिका

पहिला प्रश्न या सगळ्याचं मूळ आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

'संहती सारखी होईपर्यंत पाणी वाहतं' हे वाक्य प्राणीपेशीपुरतं जवळपास चालतं, वनस्पतीपेशीला मुळीच लागू नाही. पाणी कुठून कुठे जाईल हे जलविभव ठरवतं. जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे. पेशीपुरतं पाहिलं तर त्याचे दोन भाग पडतात:

जलविभव = द्राव्य विभव + दाब विभव

उघड्या भांड्यातल्या शुद्ध पाण्याचं जलविभव शून्य धरतात. द्राव्य मिसळलं की विभव शून्याखाली जातं, म्हणून द्राव्य विभव नेहमी ऋण. भित्तिका आतल्या द्रवाला उलट दाबते तेव्हा दाब विभव धन.

आता हिशेब करू. पेशी पूर्ण ढिली असताना तिचं द्राव्य विभव –०.८ मेगापास्कल आहे असं समजा (सामान्य आकडा आहे). ती शुद्ध पाण्यात टाकली. पाणी शिरलं, जीवद्रव्य भित्तिकेवर दाबलं गेलं, भित्तिका किंचित ताणली आणि उलट दाबू लागली. भित्तिकेचा ताठपणा असा धरा की आकारमान १ टक्का वाढलं की दाब ०.१ मेगापास्कल वाढतो. मग साधारण ७.५ टक्के वाढीलाच दाब ०.७५ मेगापास्कल होतो. तोवर आतलं द्रावण थोडं पातळ होऊन द्राव्य विभव –०.७५ च्या आसपास येतं. बेरीज शून्य. बाहेरही शून्य. प्रवाह थांबला.

आतलं द्रावण किती पातळ झालं? जेमतेम ७ टक्के. म्हणजे आत लिटरला सुमारे ०.३ ऑस्मोल (विरघळलेल्या कणांचे मोल) द्राव्य आहे, बाहेर काहीच नाही, तरीही समतोल आहे. दोन बाजूंमधला फरक भित्तिकेने दाबाच्या रूपात पेलला आहे. हा दाब किती मोठा आहे ते पाहा: मोटारीच्या टायरमध्ये सुमारे ०.२ मेगापास्कल हवा असते, आणि इथे पानातल्या एका साध्या पेशीत त्याच्या तिपटीहून अधिक. कोवळी खोडं आणि पानं लाकडाशिवाय उभी राहतात ती याच स्फीतिदाबावर. रोप कोमेजतं तेव्हा पेशी मेलेल्या नसतात, दाब विभव शून्यावर आलेलं असतं.

समतोल म्हणजे रेणूंची ये-जा बंद, असं मात्र विद्यार्थ्यांना वाटू देऊ नका. पाण्याचे रेणू दोन्ही दिशांना सारखे जातच असतात, फक्त निव्वळ प्रवाह शून्य असतो.

दुसरा प्रश्न: त्या जागेत बाहेरचंच द्रावण असतं. मीठ वापरलं असेल तर मिठाचं पाणी, सुक्रोज वापरलं असेल तर सुक्रोज. सेल्युलोजची भित्तिका पाणी आणि लहान द्राव्यं दोन्ही सहज जाऊ देते. निवडक्षमता आहे ती प्रद्रव्यपटलाची (जीवद्रव्याभोवतीच्या पटलाची) आणि रिक्तिकेभोवतीच्या (पेशीतल्या रसाच्या पिशवीभोवतीच्या) पटलाची. 'पोकळी', 'हवा' किंवा 'पेशीतून बाहेर पडलेलं शुद्ध पाणी' ही तिन्ही उत्तरं चूक.

---

मोजपात्र

तिसरा प्रश्न प्रयोगशाळेचा आहे, तो मी घेतो.

५ टक्के मीठ म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. सोडिअम क्लोराइडचा रेणुभार ५८.५, म्हणजे ०.८५ मोलर. त्याचे दोन आयन होतात, त्यामुळे कणांची संख्या जवळपास १.७ ऑस्मोल. २० अंश सेल्सिअसला हे साधारण –४ मेगापास्कल होतं. कांद्याच्या पेशीचं स्वतःचं द्राव्य विभव याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकं असतं. म्हणजे गरजेपेक्षा कित्येक पट तीव्र द्रावणात आपण पेशी टाकतो, आणि तीन गोष्टी बिघडतात.

एक, पटल भित्तिकेपासून झटक्याने सुटतं. सावकाश रससंकोचात पटल आणि भित्तिका यांच्यामध्ये बारीक धागे ताणलेले राहतात. प्रकाश कमी करून ४०० पट वर्धनाखाली ते कधीकधी दिसतातही. झटक्यात ते तुटतात आणि पटलाला इजा होते.

दोन, सोडिअमचं इतकं प्रमाण पटलाला स्वतःहून त्रासदायक असतं, आणि सोबत कॅल्शिअम नसेल तर जास्तच.

तीन, आक्रसलेली पेशी एकदम शुद्ध पाण्यात टाकली की पाणी तितक्याच जोराने आत येतं. त्या क्षणी जीवद्रव्याच्या गोळ्याला भित्तिकेचा आधार नसतो. भित्तिकेपर्यंत पोचण्याआधीच पटल फाटू शकतं.

हे टाळायचं असेल तर असं करा:

लाल कांदा घ्या. मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची जांभळी त्वचा सोला. आतल्या बाजूची त्वचा सोपी निघते पण रंगहीन असते. जांभळा रंग रिक्तिकेत असतो, त्यामुळे ती लहान होताना थेट दिसते. ५ मिलिमीटरचा चौकोन पुरेसा आहे. सुक्रोजचं ०.६ मोलर द्रावण वापरा, त्यात लिटरला ०.५ ते १ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड घातलं तर पटल जास्त टिकतं. काचपट्टीवर आच्छादकाच्या एका कडेला द्रावणाचा थेंब ठेवून समोरच्या कडेने गाळणकागदाने ओढून घ्या. १० ते १५ मिनिटं थांबा. आधी पेशीच्या कोपऱ्यांत पटल सुटतं, मग बाजू खोलगट होतात आणि शेवटी जीवद्रव्य गोलसर होतं.

परत येताना पायऱ्यांनी या: ०.६ वरून ०.४, मग ०.२, मग पाणी. प्रत्येक पायरीला पाचेक मिनिटं. जिवंत पेशी परत भरताना स्पष्ट दिसतात.

काय चुकतं तेही सांगतो. पापुद्र्याच्या फाटलेल्या कडेच्या पेशी मोजू नका, त्या आधीच मेलेल्या असतात. आच्छादकाखालचं पाणी दिव्याच्या उष्णतेने उडतं आणि द्रावण आपोआप तीव्र होत जातं, त्यामुळे दर काही मिनिटांनी ताजा थेंब ओढा. आणि एक नियंत्रण प्रयोग ठेवाच: तोच पापुद्रा मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून मग सुक्रोजमध्ये टाका. रंग पाण्यात उतरेल आणि रससंकोच अजिबात होणार नाही. मेलेल्या पेशीचं पटल निवड करत नाही. रससंकोच जिवंत पटलावर अवलंबून आहे हे याहून नीट दाखवणारा प्रयोग शाळेच्या सामानात दुसरा नाही.

पांढराच कांदा असेल तर न्यूट्रल रेडच्या ०.०१ टक्के द्रावणात १० मिनिटं ठेवा. जिवंत पेशींच्या रिक्तिकांत रंग साठतो.

---

रिक्तिका

@मोजपात्र, पायऱ्यांनी परत येण्याचा मुद्दा अगदी योग्य. एक भर घालते. तीव्र युरिया किंवा ग्लिसरॉल वापरून रससंकोच केला तर थोड्या वेळाने पेशी त्याच द्रावणात आपोआप पूर्ववत होऊ लागतात, कारण ते रेणू हळूहळू पटल ओलांडून आत जातात आणि त्यांच्यामागे पाणीही. सुक्रोज तसं शिरत नाही. म्हणून मोजमापाला सुक्रोज किंवा मॅनिटॉल वापरावं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच बसतं. ०.९ टक्के मिठाचं द्राव्य विभव सुमारे –०.७ मेगापास्कल. बऱ्याच कांद्यांच्या पेशी याहून ऋण असतात, म्हणून ०.९ टक्क्यात त्यांचा दाब उतरतो पण पटल सुटत नाही. एखाद्या कांद्यात थोड्या पेशींत रससंकोच सुरूही होईल. समपरासारी हा द्रावणाचा स्वतंत्र गुण नाही, तो द्रावण आणि विशिष्ट पेशी यांच्यातला संबंध आहे. त्यातून वनस्पतीपेशीसाठी खरं समपरासारी द्रावण म्हणजे तिचा स्फीतिदाब शून्य करणारं द्रावण. त्या अवस्थेत रोप ताजंतवानं नसतं, कोमेजलेलं असतं. प्राणीपेशीला जी अवस्था सर्वात सोयीची, ती वनस्पतीपेशीसाठी अडचणीची.

---

वर्गखोली

दोघांचेही आभार. बटाट्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या संहतीच्या साखरपाण्यात ठेवून वजनातला बदल मोजण्याचा प्रयोग आणि कांद्याचा रससंकोच यांतून एकच आकडा मिळतो का? अनेक प्रयोगवह्यांत दोन्हींचं अनुमान एकसारखंच लिहिलेलं असतं.

---

मोजपात्र

नाही, आणि हा फरक प्रयोगवह्यांत यायलाच हवा.

बटाट्याच्या प्रयोगात ज्या संहतीला वजन बदलत नाही तिथे बाहेरचं जलविभव आणि ऊतीचं मूळ जलविभव सारखं असतं. त्या ऊतीत मुळात काही स्फीतिदाब शिल्लक असतो, तोही या आकड्यात धरला गेलेला असतो. रससंकोचाच्या प्रयोगात ज्या संहतीला निम्म्या पेशींत पटल सुटलेलं दिसतं तिथे दाब शून्य, म्हणून तो आकडा निव्वळ द्राव्य विभवाचा.

एकाच ऊतीवर दोन्ही केले आणि वजन ०.२० मोलर सुक्रोजला स्थिर राहिलं, तर ऊतीचं जलविभव –०.५४ मेगापास्कल. निम्मा रससंकोच ०.३५ मोलरला दिसला, तर द्राव्य विभव –०.९७. वजाबाकी ०.४३ मेगापास्कल, हा त्या ऊतीचा मूळ स्फीतिदाब. दोन साध्या प्रयोगांतून डोळ्यांना न दिसणारा दाब हाती येतो.

बटाट्याची कृती थोडक्यात. १ मोलर सुक्रोज करताना ३४.२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवून *एकूण* १०० मिलिलिटर करा. १०० मिलिलिटर पाण्यात ३४.२ ग्रॅम टाकणं चूक आहे, आकारमान सुमारे १२० मिलिलिटर होतं आणि पुढची सगळी विरलनं चुकतात. ०.२ मोलर ५० मिलिलिटर हवं असेल तर १० मिलिलिटर मूळ द्रावण आणि ४० मिलिलिटर पाणी. अशा रीतीने ० ते १ मोलर सहा द्रावणं करा.

एकाच बटाट्यातून बूच-छिद्रकाने दंडगोल काढा, साल अजिबात नको, लांबी ५ सेंटिमीटर. सालीच्या बुचासारख्या थरातून पाणी नीट जात नाही. वजनाआधी सगळे सारखेच टिपून घ्या. प्रत्येक द्रावणात तीन तुकडे ठेवा. किमान एक तास, दोन असल्यास उत्तम, आणि भांडी झाकून. मग पुन्हा तसंच टिपून वजन करा. सर्वाधिक चूक इथेच होते: काही तुकडे दाबून टिपले जातात, काही नुसते गुंडाळून. पृष्ठभागावरचं पाणी वजनात येतं आणि बिंदू आलेखावर विखुरतात.

बदल ग्रॅममध्ये नाही, मूळ वजनाच्या टक्क्यांत मांडा. आलेख शून्य रेषेला जिथे छेदतो तिथली संहती वाचा. बटाट्यात ती साधारण ०.२ ते ०.४ मोलरमध्ये येते. साठवणीत स्टार्चची साखर झालेली असली की ती वर सरकते.

सुक्रोजची संहती विभवात बदलताना सूत्राऐवजी (द्राव्य विभव = –संहती × वायुस्थिरांक × तापमान) तक्ता वापरा. सूत्राने १ मोलरला –२.४४ मेगापास्कल येतं, प्रत्यक्षात ते सुमारे –३.५ असतं. ०.३ मोलरपर्यंत फरक थोडा आहे (–०.७३ आणि –०.८२), पुढे वाढत जातो.

---

तांबडी_पेशी

आता प्राणीपेशीची बाजू. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना रिक्तिका, ना भित्तिका, त्यामुळे परासरणाचा हिशेब सर्वात स्वच्छ इथेच जमतो.

सरासरी आकारमान ९० फेम्टोलिटर (१ फेम्टोलिटर म्हणजे १ घन मायक्रोमीटर). त्यातला सुमारे ४० टक्के भाग हिमोग्लोबिन वगैरेंचा, तो परासरणाला दाद देत नाही असं धरू: ३६ फेम्टोलिटर. उरलेले ५४ फेम्टोलिटर पाणी बाहेरच्या संहतीच्या व्यस्त प्रमाणात बदलतं.

०.९ टक्के मिठात: ५४ + ३६ = ९०
०.५ टक्क्यात: ५४ × १.८ + ३६ = १३३
०.४५ टक्क्यात: ५४ × २ + ३६ = १४४
०.४ टक्क्यात: ५४ × २.२५ + ३६ = १५७

पेशीचा पृष्ठभाग सुमारे १३७ चौरस मायक्रोमीटर. दोन्ही बाजूंनी खोलगट असल्यामुळे आतल्या द्रवाच्या मानाने तिच्याकडे पटल जास्त असतं. फुगताना आधी पटल ताणलं जात नाही, फक्त आकार बदलतो आणि चकतीची गोळी होते. इतक्या पृष्ठभागात बसणाऱ्या गोलाचं आकारमान सुमारे १५० फेम्टोलिटर. त्यापुढे पटल ताणावंच लागतं, आणि ते क्षेत्रफळात ३-४ टक्क्यांच्या पुढे ताण सहन करत नाही. म्हणून सीमा ०.४५ आणि ०.४ यांच्यामध्ये पडते.

प्रयोगशाळेतली तपासणी हेच दाखवते. निरोगी रक्तात फुटायला सुरुवात ०.५० ते ०.४५ टक्क्यांना होते आणि ०.३५ ते ०.३० पर्यंत जवळपास सगळ्या फुटतात. सगळ्या एकाच टप्प्यावर फुटत नाहीत कारण पेशींचं वय आणि पृष्ठभागाचं प्रमाण वेगवेगळं असतं. म्हाताऱ्या पेशी पटलाचे तुकडे गमावत आलेल्या असतात, त्या आधी जातात.

आनुवंशिक गोलपेशी आजारात पेशी मुळातच गोळीच्या जवळ असतात, फुगायला जागा नसते. त्यांचा आलेख जास्त संहतीकडे सरकतो. थॅलसेमिया आणि लोहाच्या कमतरतेत उलट: पेशी चपट्या, पटल मुबलक, म्हणून त्या जास्त पातळ द्रावणातही टिकतात.

करण्याची पद्धत: ०.१ ते ०.९ टक्क्यांची, आम्लता (pH) ७.४ ला स्थिर केलेली द्रावणं, प्रत्येकी ५ मिलिलिटर. प्रत्येकात ५० मायक्रोलिटर ताजं हेपरिनयुक्त रक्त. इतर रक्तगोठणरोधक क्षार टाळतात, कारण तेही कणसंख्या वाढवतात. हलक्या हाताने मिसळून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं, मग अपकेंद्रण, आणि वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला शोषण. शुद्ध पाण्यातली नळी १०० टक्के, ०.९ ची शून्य. जोराने हलवलं तर पेशी यांत्रिक धक्क्यानेच फुटतात. द्रावण थोडं आम्ल झालं तर पेशी फुगतात आणि निकाल खोटा 'नाजूक' येतो. रक्त शिळं झालं तरी तेच.

शाळेत मानवी रक्तावर प्रयोग करू नयेत, संसर्गाचा धोका असतो. चित्रफीत दाखवणं पुरेसं आहे.

अतिपरासारी बाजूला पेशी आक्रसते आणि तिच्या कडा काटेरी होतात. याला रससंकोच म्हणू नये. रससंकोचात भित्तिका जागेवर राहते आणि पटल तिच्यापासून सुटतं. इथे सुटायला भित्तिकाच नाही.

---

क्षारतोल

@तांबडी_पेशी यांच्या हिशेबाला एक महत्त्वाची अट जोडतो, कारण यावर उत्तरपत्रिकांपासून रुग्णांपर्यंत सगळीकडे गोंधळ होतो. द्रावणातली कणसंख्या रक्ताइतकी असली म्हणजे ते पेशीला समपरासारी असेलच असं नाही.

०.३ मोलर युरियाचं द्रावण घ्या. कणसंख्या रक्तद्रवाच्या (किलोला २७५ ते २९५ मिलिऑस्मोल) जवळपास. तांबड्या पेशी त्यात टाका, काही क्षणांत फुटतात. युरिया पटलातून सहज आत जातो, दोन्हीकडे सारखा होतो, आणि पेशीच्या दृष्टीने बाहेर उरतं ते जणू शुद्ध पाणीच. पटल जे द्राव्य अडवतं तेच पाण्याला बाहेर धरून ठेवू शकतं.

शिरेतून देण्याच्या द्रावणांतही हेच. ०.९ टक्के मिठात लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे सोडिअम १५४ आणि क्लोराइड १५४ मिलिमोल, बेरीज ३०८. आयन पूर्ण स्वतंत्र वागत नाहीत म्हणून प्रत्यक्ष परिणाम २८६ च्या आसपास. सोडिअम पेशीबाहेरच राहतं, त्यामुळे पेशींचं आकारमान बदलत नाही. ५ टक्के ग्लुकोज, निर्जल धरून, २७८ मिलिऑस्मोल. शिरेत जाताना पेशी फुटत नाहीत, पण ग्लुकोज पेशी वापरून टाकतात आणि मागे पाणी उरतं. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग पेशींच्या आत जातो. शरीरातला अंतिम परिणाम अवपरासारी.

याची सगळ्यात गंभीर बाजू मेंदूत दिसते. रक्तातलं सोडिअम १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं. ते झपाट्याने उतरलं की मेंदूच्या पेशी फुगतात, आणि कवटीत जागा नसल्याने दाब वाढतो. उतार सावकाश असेल तर पेशी दोनेक दिवसांत पोटॅशिअम आणि काही सेंद्रिय द्राव्यं बाहेर टाकून जुळवून घेतात. म्हणूनच अशा रुग्णाचं सोडिअम घाईने वाढवणं धोक्याचं: द्राव्यं टाकून बसलेल्या पेशींतून पाणी ओढलं जातं आणि चेतातंतूंच्या आवरणाला इजा होते. २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलची मर्यादा यासाठीच पाळतात. शुद्ध पाणी शिरेतून कधीच न देण्याचं कारण वर तांबड्या पेशींच्या हिशेबात आलंच आहे.

---

एकपेशीय

छान धागा. भित्तिका नसलेल्या पेशी मुळात टिकतात कशा, हा मुद्दा राहिला आहे.

प्राणीपेशीच्या आत प्रथिनं आणि फॉस्फेटधारी रेणू कोंडलेले असतात. ते बाहेर जाऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या ऋण प्रभाराची भरपाई करणारे आयनही आत राहतात. पटल थोडंफार गळकं असल्याने सोडिअम आणि क्लोराइड आत झिरपत राहतात, मागून पाणी. नुसतं सोडून दिलं तर समपरासारी द्रवातसुद्धा प्राणीपेशी फुगत जाईल. ती फुगत नाही कारण सोडिअम-पोटॅशिअम पंप प्रत्येक फेरीत ३ सोडिअम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशिअम आत घेतो, आणि त्यावर ऊर्जा खर्च होते. उआबाइन या विषाने पंप बंद केला किंवा ऑक्सिजन तोडून ऊर्जा थांबवली की पेशी सुजतात. वनस्पतीपेशी भित्तिकेच्या जोरावर पाण्याला आत येऊ देते आणि दाब पेलते. प्राणीपेशीला दाब पेलताच येत नाही, म्हणून ती द्राव्यांची संख्या सतत सांभाळत बसते.

गोड्या पाण्यातल्या पॅरामेशिअम या एकपेशीय जीवाकडे भित्तिका नाही आणि बाहेरचं पाणी बदलण्याची सोयही नाही. तो आत आलेलं पाणी संकोची रिक्तिकांत गोळा करून बाहेर फेकतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रिक्तिका आलटून पालटून आकुंचताना दिसतात. साध्या पाण्यात दोन आकुंचनांमधला वेळ मोजा, मग थेंबात अगदी पातळ मिठाचं पाणी मिसळून पुन्हा मोजा. वेळ वाढतो, कारण आत येणारं पाणी कमी झालं. पॅरामेशिअम पळत राहतो म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू घाला, त्यांच्यात तो अडकून स्थिर राहतो.

---

वर्गखोली

पाणी पटल इतक्या झपाट्याने ओलांडतं कसं? पटल तर स्निग्ध पदार्थांचं.

---

तांबडी_पेशी

स्निग्ध थरातून पाणी जातं, पण सावकाश. तांबड्या पेशीत त्यासाठी वेगळी प्रथिनं आहेत, ॲक्वापोरिन. १९९२ मध्ये पीटर ॲग्र यांच्या गटाने बेडकाच्या अंडपेशींना हे प्रथिन बनवायला लावलं. अवपरासारी द्रावणात टाकल्यावर त्या काही मिनिटांत फुगून फुटल्या. प्रथिन नसलेल्या अंडपेशी तशाच राहिल्या. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच, रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून मिळालं. ॲक्वापोरिन प्रवाहाचा वेग वाढवतं, दिशा ठरवत नाही. दिशा जलविभवाचीच.

---

मुळांजवळ

मातीबद्दल थोडंसं. खत जास्त पडल्यावर रोप ओल्या मातीतही कोमेजतं, तेही परासरणच. मातीच्या द्रावणाची विद्युतवाहकता मोजली तर साधा गुणाकार आहे: डेसिसीमेन्स प्रति मीटरमधला आकडा गुणिले ०.०३६, तितकं ऋण मेगापास्कल. ४ ला माती क्षारयुक्त गणतात, म्हणजे संपृक्त मातीच्या अर्कात –०.१४ मेगापास्कल. आकडा लहान वाटतो, पण माती सुकत जाते तसे तेच क्षार कमी पाण्यात उरतात. पाणी निम्मं झालं की विभव दुप्पट ऋण. म्हणून खारवट जमिनीत दोन पाळ्यांमधलं अंतर कमी ठेवतात. कुंडीत खत जास्त झालं असेल तर तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईपर्यंत धुवा. नुसतं शिंपडल्याने क्षार वरून मुळांजवळ सरकतात.

---

वर्गखोली

शेवटचा एक प्रश्न. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं अंडं साखरेच्या पाकात आणि पाण्यात ठेवण्याचा प्रयोग प्राणीपेशीचं उदाहरण म्हणून दाखवावा का?

---

मोजपात्र

परासरण दाखवायला जरूर वापरा, प्राणीपेशी म्हणून नको. कवचाखालचं आवरण प्रथिनतंतूंचं आहे, ते प्रद्रव्यपटल नव्हे. ते पाण्याला वाट देतं आणि मोठ्या रेणूंना अडवतं, म्हणून अंडं पाण्यात फुगतं आणि पाकात आक्रसतं. दिसायला परिणाम तोच, पण पंप, ॲक्वापोरिन किंवा जिवंतपणा यांचा त्यात काही संबंध नाही.

करताना व्हिनेगर २४ तासांनी बदला. दुसऱ्या दिवशी कवचाचा भुरा थर वाहत्या पाण्यात बोटाने हलकेच चोळून काढा, नखाने खरवडू नका. वजन घ्या, मग एक पाण्यात आणि एक दाट पाकात २४ तास. पाकातलं अंडं तरंगतं आणि वरचा भाग कोरडा राहतो, त्याला वाटीने खाली दाबून ठेवा, नाहीतर वजनातली घट कमी दिसते. आणि व्हिनेगरमध्येच अंड्याचं वजन वाढलेलं असतं, म्हणून तुलनेसाठी मूळ वजन कवच काढल्यानंतरचं धरा. कच्चं अंडं हाताळल्यावर हात आणि टेबल साबणाने धुवायला लावा, साल्मोनेला असू शकतो.